मदत हवी आहे: नेटवर्कवरचे दोन अ‍ॅम्प्लिफायर लॅपटॉपवर कधी दिसतात, कधी गायब

नमस्कार मंडळी,

आमच्या गावात संस्थेचं साडेतीनशे खुर्च्यांचं नाट्यगृह आहे. तिथला साउंड मी आणि आणखी दोघे हौसेने सांभाळतो. गेल्या वर्षी वर्गणी काढून डीएसपीवाले (आवाजावर आतच डिजिटल प्रक्रिया करणारे) चार चॅनेलचे दोन अ‍ॅम्प घेतले. रॅक रंगमंचामागे, आमची खोली प्रेक्षागृहाच्या टोकाला, मध्ये पन्नासेक मीटर कॅट-६ केबल. लेव्हल, म्यूट, क्लिप (आवाज फाटतोय का), तापमान सगळं खोलीत बसून लॅपटॉपवर पाहता यावं एवढ्यासाठी हा खटाटोप.

मंगळवारी तालमीला दोन्ही अ‍ॅम्प दिसले. शनिवारी प्रयोगाला एकही नाही. दुसरी घंटा झालेली, डावीकडच्या स्पीकरमधून हम (सलग घुमणारा आवाज) येतोय, आणि तो एक चॅनेल म्यूट करायला मला विंगेतून अंधारात रॅकपर्यंत पळावं लागलं. तिसरी घंटा त्यासाठी थांबवली. कलाकार रंगून उभे असताना असं थांबवणं मला फार लागलं. पुन्हा तसं व्हायला नको.

केबल बदलून झाली. स्विचवर दोन्ही अ‍ॅम्पचे दिवे लुकलुकतात. फायरवॉल बंद करूनही फरक नाही. लॅपटॉपचा नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता १९२.१६८.१.१०४ आहे, अ‍ॅम्पच्या डिस्प्लेवर मात्र १६९.२५४ने सुरू होणारा आकडा येतो. राउटर, स्विच, अ‍ॅम्प सगळे एकाच मेन स्विचवर आहेत.

आणखी एक. अ‍ॅम्पच्या मागे रिमोट स्टँडबायचा (दुरून झोपवायचा-जागवायचा) दोन पिनांचा कनेक्टर आहे. त्याला १२ व्होल्ट द्यायचे का?

प्रतिसाद

१६९.२५४ हा पत्ता राउटरने दिलेला नाही. पत्ता मागूनही डीएचसीपीकडून (राउटरमधली आपोआप पत्ते वाटणारी सोय) उत्तर आलं नाही, की यंत्र त्या पट्ट्यातला एक पत्ता आपणच घेतं. मेन स्विच टाकला की तुमचा अ‍ॅम्प लगेच जागा होत असेल, राउटरला मात्र मिनिटभर तरी लागतं. अ‍ॅम्प पत्ता मागतो तेव्हा द्यायला कोणी नसतं. लॅपटॉप तुम्ही नंतर लावता, म्हणून त्याला नीट मिळतो. मंगळवारी राउटर बहुधा आधीपासून चालू असेल.

अ‍ॅम्पना कायमचे पत्ते द्या: १९२.१६८.१.२०१ आणि २०२, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. राउटरची डीएचसीपी रेंज १०० ते १९९ एवढीच ठेवा, म्हणजे हे पत्ते दुसऱ्या कोणाला जाणार नाहीत. लॅपटॉपच्या केबलच्या पोर्टलाही २१० देऊन टाका, मग राउटर बंद पडला तरी काम अडत नाही. प्रयोगाच्या वेळी लॅपटॉपचं वायफाय बंद ठेवा, नाहीतर सॉफ्टवेअर भलत्याच नेटवर्कवर शोधत बसतं. फायरवॉल मात्र पुन्हा चालू करा. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करून त्या सॉफ्टवेअरला परवानगी दिली की पुरतं.

अ‍ॅम्पला दोन नेटवर्क पोर्ट असतील तर दोन्ही एकाच स्विचला जोडू नका. आत साधा स्विच असेल तर लूप होऊन (तोच डेटा गोल फिरत राहून) सगळं नेटवर्क गुदमरतं.

व्होल्टेजचं म्हणाल तर मॅन्युअल वाचल्याशिवाय काहीही देऊ नका, हे कळकळीने सांगतो. पुष्कळ अ‍ॅम्पना फक्त दोन पिना जोडल्या जाणं पुरतं. तिथे बाहेरून १२ व्होल्ट गेले तर सर्किट जळू शकतं.

धागाकर्ता

मनापासून आभार. काल संध्याकाळी पत्ते घातले आणि मेन स्विच सहा वेळा बंद-चालू केला. सहाही वेळा दोन्ही अ‍ॅम्प दिसले. मॅन्युअलप्रमाणे आमच्या मॉडेलला नुसत्या पिना जोडायच्या आहेत, व्होल्टेज नाही. बरं झालं विचारलं.

आता त्या पिना जोडणारं स्टँडबायचं बटण विंगेत लावावं की खोलीत? विंगेत प्रयोगाच्या वेळी गर्दी असते, कोणाचा हात लागला तर भर प्रवेशात आवाज जाईल. कोणी झाकणाचा किंवा किल्लीचा स्विच वापरलाय का?