रिचार्ज संपला तरी नंबर जिवंत कसा ठेवताय? सीमाभागातले अनुभव लिहा

वडगाव, बेळगाव

आमच्या घरात पाच माणसं आणि सहा सिम. दोन पॉवरलूमवर घर चालतंय, पैसा मोजून येतो. त्या सहांपैकी तीन नंबरांवरून महिन्यात दहा फोनसुद्धा जात नाहीत. बाबांचा नुसता येणाऱ्या फोनसाठी, आईचा बँकेच्या ओटीपीसाठी आणि माझा जुना, तो आधारला जोडलाय म्हणून. तरी 28 दिवस झाले की प्रत्येकाला 199. वर्षाला 12 नाही, 13 वेळा. परवा वहीत मांडलं तर एका नंबरचे 2587 आणि तिघांचे 7761 रुपये झाले. धस्स झालं.

'खात्यात 20 रुपये ठेवा, नंबर चालू राहतो' असा मेसेज सगळ्यांकडे फिरलाय. त्यावर विसंबू नका. तो नियम ट्रायचा, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा आहे, 2013 पासूनचा. नंबर 90 दिवस वापरातच आला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, पण टॉकटाइममध्ये 20 रुपये शिल्लक असले तर ते कापून 30 दिवस वाढवून द्यायचे, एवढाच त्याचा अर्थ. त्यानं नंबर आपल्या नावावर राहतो. फोन आणि ओटीपी येत राहायला पॅक लागतोच.

तुम्ही काय करताय ते लिहा. किती रुपये, किती दिवस, नंबर गेला असेल तर कसा गेला, सगळं.

निपाणी

आमच्या आईचा गेला. ती चाळीस वर्षं विड्या वळतेय, बोटांचे ठसे पार झिजलेत. कुठल्याही मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा. त्यामुळे आधारचा ओटीपी हीच तिची वाट. पण हे आम्हाला नंबर गेल्यावर कळलं.

पावसाळ्यात तिचा रिचार्ज संपला. "मला कोण फोन करतंय, राहू दे," म्हणाली. आम्हीही राहू दिला, तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. बँकेत केवायसी मागितली तेव्हा ओटीपी येईना. मी तिच्या नंबरला फोन लावला तर पलीकडून एक माणूस कन्नडमध्ये बोलला. नंबर त्याला मिळाला होता. बिचाऱ्याची काही चूक नाही, त्यानं तर दुकानातून नवीन सिम म्हणूनच घेतलं होतं. पण आईच्या खात्यावर कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार जमा झाले की मेसेज त्याला जात होता. ऐकून आईचा चेहरा उतरला, तो अजून डोळ्यांसमोर आहे.

आधी बँकेत पासबुक घेऊन गेलो, अर्ज दिला. मग आधार केंद्र. दहाही बोटं लावून झाली, एकही लागेना. शेवटी डोळ्यांवर झालं. त्या मुलीनं आईला "आज्जी, डोळे मोठे करा, पापणी नको" असं चार वेळा सांगितलं आणि पाचव्यांदा मशीननं घेतलं. फी 50 रुपये होती.

तेव्हा आणखी एक कळलं. एकाच मोबाईल नंबरवर घरातल्या सगळ्यांची आधार जोडता येतात. आता आई, आत्या आणि आजोबा तिघांची माझ्या नंबरवर आहेत. आईच्या नव्या सिमला मी आता नुसत्या बोलण्यापुरताच रिचार्ज करते.

संकेश्वर, मोबाईलचं दुकान आहे

निपाणीच्या ताईंनी लिहिलंय तसं गिऱ्हाईक माझ्याकडे आठवड्याला एक तरी येतंय. बंद झालेला नंबर 90 दिवस दुसऱ्याला देत नाहीत, त्यानंतर देऊ शकतात. म्हणून उशीर करू नका. बंद झाल्यापासून 15 दिवसांत कंपनीच्या दुकानात आधार घेऊन गेलात तर जास्तीत जास्त 20 रुपयांत तोच नंबर परत चालू करून द्यायचा नियम आहे. बाजारादिवशी जाऊ म्हणून तीन आठवडे काढलेली माणसं बघितलीत मी.

पॅक संपला की जाणारे फोन लगेच बंद होतात. येणारे आणखी काही दिवस चालतात, ते कंपनीनुसार वेगळं. म्हातारी माणसं फसतात ती इथंच. फोन येतोय म्हणजे सगळं चालू आहे असं त्यांना वाटतं.

आता स्वस्ताचं. ट्रायनं डिसेंबर 2024 मध्ये नेट नसलेले, फक्त बोलणं आणि मेसेज असलेले पॅक द्यायला लावले, आणि मुदत 90 दिवसांवरून 365 दिवसांपर्यंत नेली. जानेवारी 2025 मध्ये जिओनं 448 ला 84 दिवस आणि 1748 ला 336 दिवस आणले. एअरटेलनं 469 ला 84 दिवस, 1849 ला 365 दिवस. दिवसाला पाच-साडेपाच रुपये पडतात, 28 दिवसांच्या 199 ला सात पडतात. भाव हलतात, म्हणून भरायच्या आधी विचारा. ॲपमध्ये पहिल्यांदा नेटचेच पॅक डोळ्यांसमोर येतात, त्यामुळे दुकानात 'बिननेटचा द्या' असं तोंडानं मागायचं.

ॲपमध्ये रिचार्ज करताना सर्कल तपासा, म्हणजे सिम कुठल्या राज्यातलं ते. सिम चंदगड किंवा कागलहून घेतलं असेल तर ते महाराष्ट्र सर्कलचं, राहताय संकेश्वरात तरी.

आणि मुदत संपल्याचा मेसेज कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत येतो. आमच्याकडच्या कितीतरी मराठी म्हाताऱ्यांना ती दोन्ही वाचता येत नाहीत. मी बटणाच्या फोनचं मागचं झाकण काढतो, बॅटरीवर पांढरी चिकटपट्टी लावतो आणि पुढची तारीख मराठी आकड्यांत लिहून देतो. झाकण काढायचं त्यांना येतंय.

येळ्ळूर

ह्यांची पोस्टिंग श्रीनगरला होती. आपल्याकडचं प्रीपेड तिथं चालत नाही, म्हणून तिथलं सिम घ्यावं लागलं. बेळगावचा नंबर पाकिटात पडून. सुट्टीवर आले की रिचार्ज करायचे, गेले की बंद. एकदा सुट्टी पुढं गेली, आणि घरी आल्यावर सिम घातलं तर रेंजच नाही. पगाराचं खातं त्याच नंबरावर. दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकान उघडायच्या आधी जाऊन उभे राहिलो. पंधरा दिवस व्हायला दोन दिवस कमी होते म्हणून वाचला.

तेव्हापासून ते सिम माझ्याकडे. सासूबाईंच्या जुन्या बटणाच्या फोनात घातलंय, देवघराच्या फळीवर चार्जिंगला असतो. वर्षाचा पॅक एकदाच घालते. दर पौर्णिमेला त्यावरून माझ्या नंबरला फोन लावते आणि स्वतःच उचलते, म्हणजे वापर नोंद होतो. पौर्णिमा विसरत नाही.

हल्याळ

ताई, मिस्ड कॉल दिला तर चालतो का? की उचलायलाच पाहिजे?

संकेश्वर, दुकान

उचलाच. नाहीतर एक मेसेज पाठवा किंवा मिनिटभर नेट चालू करा. आलेला फोन उचललात तरी वापर धरतात.

कोगनोळी

टोलनाक्याजवळ आमचं शेत. पूर्वी उसाला पाणी पाजताना बांधाच्या या टोकाला कर्नाटकचा टॉवर, त्या टोकाला महाराष्ट्राचा. फोन उचलला की रोमिंगचे पैसे कापायचे. म्हणून तात्यांनी दोन सिम ठेवली, एक इकडचं, एक कागलचं. रोमिंग 2017 च्या सुमारास गेलं, पण दुसरं सिम राहिलंच. मागच्या वर्षी विचारलं, "तात्या, हे कशाला?" तर म्हणाले, कारखान्याच्या बिलाचा मेसेज त्यावर येतो. एवढ्यासाठी वर्षं काढली!

सोडायचं ठरवलं तेव्हा पहिल्यांदा यादी केली. कारखाना, सोसायटी, गॅस, विमा, दोन बँका. सगळीकडे इकडचा नंबर दिला आणि मगच ते सिम सोडलं. बँकेला पंधरा दिवस लागले, तेवढे दिवस रिचार्ज चालू ठेवायला लागला. उलटं केलं असतं तर ओटीपीच मिळाला नसता.

जांबोटी, ता. खानापूर

आमच्याकडे पावसात लाइट गेली की टॉवर जातो, दोन-दोन दिवस. ओटीपी घ्यायला वरच्या वळणावर चालत जावं लागतं. गावातली निम्मी पोरं गोव्यात कामाला. ती तिथूनच यूपीआयनं आईवडिलांचा रिचार्ज करतात. माझा मुलगा 84 दिवसांचा घालतो. मृग लागायच्या आत घाल, असं मी त्याला सांगून ठेवलंय, पावसात संपला तर मला कळतच नाही.

वडगाव, बेळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार, आईला वाचून दाखवलं. माझा जुना नंबर सोडायचा ठरवला, पण आधी यादी. आधार आणि गॅस तर आहेच, आईला सोसायटीचं कर्जखातं आठवलं, ते माझ्या ध्यानातच नव्हतं. बाबांना आणि आईला वर्षाचे बिननेटचे पॅक, दोन्ही मिळून 3698. वहीत बघितलं, 4063 वाचतात. संकेश्वरच्या दादांसारखी चिकटपट्टी बाबांच्या बॅटरीवर आत्ताच लावली. उद्या सोमवार, आधार केंद्रात टोकनला सकाळी लवकर जातोय.