विषय: सासू-सासरे जुलैत येताहेत, सॅन फ्रान्सिस्को कसं दाखवावं?

फ्रीमाँटहून:

नमस्कार मंडळी,
सासू-सासरे पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच येताहेत. दोघंही सत्तरीचे, आईंचे गुडघे दुखतात. गोल्डन गेट पूल, अल्काट्राझ, पियर ३९, केबल कार, चायनाटाउन आणि लँड्स एंड, एवढी यादी काढली आहे. एका शनिवारात उरकेल का?

सॅन होझेहून:

ताई, उरकेल. पण रविवारी सासूबाई सोफ्यावरून उठणार नाहीत!

आधी हवेचं बघा. आतली सेंट्रल व्हॅली तापली की तिथली हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या खिंडीतून आत ओढली जाते. किनाऱ्याचं पाणी मुळातच थंड, म्हणून धुकं. तुमच्याकडे पंखे फिरत असतात तेव्हा पुलावर दात वाजतात. स्वेटर आणि कानटोपी हवीच, जुलै असला तरी. खरी ऊब सप्टेंबर-ऑक्टोबरात, पण तोवर ते परत गेलेले असतील.

म्हणून शहराचे दोन भाग करा. ट्विन पीक्सच्या टेकड्यांच्या पश्चिमेला धुकं दुपारपर्यंत हटत नाही, कधी हटतच नाही. पूर्वेला मिशन भागात त्याच वेळी ऊन असतं. बामी अ‍ॅलीतली भित्तिचित्रं तिथेच आहेत, रस्ताही सपाट.

एक दिवस फक्त पूर्वेचा. गाडी नेऊच नका, बार्ट रेल्वेने एम्बार्कडेरोला उतरा. कॅलिफोर्निया स्ट्रीटची केबल कार तिथूनच सुटते. सगळी गर्दी पॉवेल स्ट्रीटच्या रांगेत उभी असते, इथे सहसा बसायला जागा मिळते. ही गाडी चायनाटाउनवरूनच जाते. सासऱ्यांना यंत्रांची आवड असेल तर केबल कार म्युझियम चुकवू नका. फुकट आहे, आणि रस्त्याखालून गाड्या ओढणारे दोर फिरवणारी अजस्र चाकं समोर चालू दिसतात. ही पद्धत १८७३ पासूनची.

अल्काट्राझचं तिकीट आजच बघा, उन्हाळ्यात फार आधी संपतं. धक्क्यापासून तुरुंगापर्यंत खडा चढ आहे, पण ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी छोटी विजेवरची गाडी असते. तिकीट नाहीच मिळालं तर फेरी बिल्डिंगहून सॉसालिटोची बोट घ्या. बेट आणि पूल दोन्ही पाण्यावरून दिसतात, चालायचं काही नाही.

पियर ३९ मी गाळेन. जुलैत बरेचसे सी लायन विणीसाठी दक्षिणेला गेलेले असतात, मागे उरतात टी-शर्टची दुकानं.

दुसऱ्या दिवशी लँड्स एंड. १८९६ साली उघडलेल्या आणि १९६६ साली जळालेल्या सुट्रो बाथ्स या पोहण्याच्या तलावांचे अवशेष वरूनच दिसतात, पायऱ्या उतरायची गरज नाही. तिकडे गाडी न्यावी लागेल, तर आत काहीही ठेवू नका. पिशवीसुद्धा नाही. काच फोडून नेतात, आणि पिशवीत पासपोर्ट असले तर सगळी सुट्टी कचेऱ्यांत जाईल.

बर्कलीहून:

काका, पियर ३९ बद्दल शंभर टक्के सहमत! पण यादीत आपलं काहीच नाही. ५ वूड स्ट्रीटला गदर स्मारक आहे, इथल्या भारतीय क्रांतिकारकांच्या चळवळीचं. त्यांच्या ‘गदर’ पत्राचा पहिला अंक १ नोव्हेंबर १९१३ ला याच शहरातून निघाला. त्या चळवळीत तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे होते. मेरठच्या छावणीत बॉम्बसकट पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला कर्तारसिंग सराभांबरोबर लाहोरला फाशी गेले. पांडुरंग खानखोजेही गदरचेच, पुढे मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. इमारत साधी आहे, बाहेरून बघून कुणी थांबणारही नाही. जायच्या आधी इथल्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे वेळ विचारून घ्या, बंद दारापाशी उभं राहायला नको.

वेबस्टर आणि फिल्बर्टच्या कोपऱ्यावर वेदांत सोसायटीचं जुनं मंदिरही आहे, घुमटांचं. जानेवारी १९०६ मध्ये उघडलं आणि एप्रिलच्या भूकंपातून वाचलं. आईंना मात्र दारातच उतरवा.

फ्रीमाँटहून:

सगळ्यांचे आभार. पिंगळ्यांचं नाव फोनवर सांगितलं, तर बाबा म्हणाले पूल नाही दाखवलास तरी चालेल. अल्काट्राझ संपलंय, तेव्हा बोटच. आता एकच: दोन शनिवार-रविवारांसाठी कुणाकडे घडीची व्हीलचेअर मिळेल का? मी येऊन घेऊन जाईन.