मदत हवी आहे: आदिपर्वात गणपती सापडत नाहीये!

ऐरोलीकर: रविवारी सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर महाभारतावर बोलायचंय. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, तिथूनच सुरुवात करणार होते. पण अख्खं आदिपर्व चाळलं, प्रसंग नाहीच. पानं गळालीत का? लवकर सांगा प्लीज.

घोडबंदरी: प्रत कुठली? संस्कृत की मराठी भाषांतर?

नौपाड्याचे_काका: ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, तिथे जा. असल्या गोष्टी मोबाइलवर मिळत नाहीत.

ऐरोलीकर: काका, मोबाइलचं नाव तरी काढलं का मी? पुस्तक आहे हातात. संस्कृत, भावाने पुण्याहून आणलेलं. श्लोक कमी, तळटीपाच जास्त.

पामबीच: महाभारत घरात ठेवू नये हो, भांडणं होतात.

घोडबंदरी: तळटीपा! हे आधी सांगायचं ना. भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती आहे ती. १९१९ ला काम सुरू, १९६६ ला पुरं, १२५९ हस्तलिखितं ताडून. ज्या श्लोकांना निरनिराळ्या प्रांतांतल्या पोथ्यांचा पुरेसा आधार नाही, ते तळटीपेत किंवा परिशिष्टात. तुमचा गणपती परिशिष्टात आहे.

सानपाडा_लोकल: म्हणजे बाप्पा नंतर घुसवला म्हणायचं का? परंपरा महाभारताला इतिहास म्हणते. विषय संपला.

घोडबंदरी: संपला कसा? वगळलेलं फेकलेलं नाही, सगळं जपून छापलंय. सतराव्या शतकातले महाभारताचे टीकाकार नीलकंठ, त्यांच्या पाठात गणपती आहेच. आणि इतिहास म्हणाल तर 'जयो नामेतिहासोऽयम्', म्हणजे 'हा जय नावाचा इतिहास', हे मुख्य संहितेत आहे, कुणी हलवलेलं नाही. गंमत पुढेच आहे. गणपतीच्या त्याच प्रसंगात ब्रह्मदेव व्यासांना म्हणतो, तू याला काव्य म्हणालास, म्हणजे हे काव्यच होईल. ते वाक्यही गणपतीबरोबर परिशिष्टात गेलं!

संस्कृतप्रेमी_खारघर: छांदोग्य उपनिषदात नारद सनत्कुमारांना आपण काय काय शिकलो ते सांगतो, त्यात इतिहासपुराण पाचवा वेद आहे. रामायण मात्र आदिकाव्य, श्लोक २४,०००. त्याची चिकित्सक आवृत्ती बडोद्याची.

ऐरोलीकर: रामायण कुणी विचारलं? परिशिष्ट सापडलं, बारीक टाइपात आहे. पण मग रविवारी गणपती सांगू की नको?

घोडबंदरी: सांगा की. फक्त कुठल्या पाठातला ते सांगा, आणि ब्रह्मदेव गाळू नका.

सानपाडा_लोकल: परिशिष्ट वगैरे काढलंत तर कट्ट्यावर वाद होणार, लिहून ठेवा.

नौपाड्याचे_काका: ग्रंथसंग्रहालयात जाताना आधी वेळ विचारून घ्या.