कडं चमकलं की नदी पार: नव्या किशोर कादंबऱ्यांतून साहस हरवलंय का?

होकायंत्र (धागाकर्ता)

गेल्या दोन महिन्यांत भाच्यासोबत मुलांच्या पाच नव्या कादंबऱ्या वाचल्या. तो अकरा वर्षांचा. वाचतो तो, मी मान डोलवायला. पाचही जाडजूड, पाचांच्याही सुरुवातीला नकाशा, चारांत भाकीत, तिघांत जादूची शाळा. आणि पाचही 'भाग पहिला'.

जादूशी माझं वैर नाही. कुठे खटकलं ते सांगतो. पाचपैकी एका पुस्तकात नदीला पूर आलाय, मागून शत्रूचे घोडेस्वार येतायत. लेखकाने पूर झकास लिहिलाय: गढूळ पाणी, वाहत आलेली झाडं, नायिकेच्या बहिणीला पोहता येत नाही. मी सावरून बसलो. भाचा थंडपणे म्हणाला, "मामा, आता कडं चमकेल." पान उलटलं, कडं चमकलं, सगळे पलीकडे. तीन पानांचा पूर एका वाक्यात ओसरला. आणि त्या बहिणीला पोहता येत नाही, ही गोष्ट पुन्हा शेवटपर्यंत निघालीच नाही.

याच्याशेजारी १९३०चं 'स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स' ठेवा. चार भावंडं, एक शिडाची होडी, तळ्यातलं एक बेट. जादू शून्य. बेटावरच्या छोट्या बंदरात शिरायचं तर वाटेत पाण्याखाली खडक. त्यावर उपाय असा: एका खोडावर पांढरी फुली आणि त्याच्यामागे दुबेळकं फुटलेलं झाड. होडीतून बघताना या दोन खुणा एकावर एक दिसल्या की वाट मोकळी, एक जरी बाजूला सरकली तर खडक. रात्री दोन्ही ठिकाणी कंदील टांगायचे. वाचणाऱ्या पोराला ही युक्ती पुस्तक मिटल्यावरही वापरता येते. कडं नाही वापरता येत.

म्हणून माझं म्हणणं: मुलांच्या पुस्तकांत साहसाची जागा जादूने घेतली, आणि त्यात मुलांचाच तोटा झाला. या, भांडा.

---

उलटा कासव

आधी रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर नंतर. पण 'भाग पहिला'बद्दल शंभर टक्के सहमत. हल्ली पहिला भाग म्हणजे चारशे पानांची प्रस्तावना.

---

तळटीप

जुन्या साहसकथांबद्दल एवढं हळवं व्हायचं कारण नाही. तुम्ही त्यातलं सर्वांत चांगलं पुस्तक निवडलंत आणि नव्यांतलं बहुधा सर्वांत टुकार. अशी कुस्ती कोणीही जिंकेल.

'द कोरल आयलंड' घ्या, १८५७-५८च्या सुमाराचं. जहाज फुटतं, तीन मुलगे पॅसिफिकमधल्या बेटावर. जादू नाही, सगळं 'खरं'. लेखक बॅलंटाइन तिकडे कधी गेलाच नव्हता, इकडून-तिकडून वाचून त्याने बेट रचलं. झाडावरचा नारळ त्याने दुकानात मिळतो तसाच रंगवला. सोडण, काथ्या वगैरे भानगड नाही, मुलगा सहज भोक पाडतो आणि पाणी पितो! ज्याने आयुष्यात एकदा नारळ सोललाय त्याने हे वाचून बघावं. नारळ असा आपसूक सोलून मिळणं आणि तुमचं कडं चमकणं यात फरक काय, ते सांगा. चूक कळल्यावर बॅलंटाइन खजील झाला आणि पुढे शक्यतो स्वतः बघून मगच लिहायचं असं त्याने ठरवलं, हे त्याच्या बाजूने नोंदवतो.

शिवाय नारळ ही त्यातली छोटी चूक. त्या बेटांवरचे मूळ रहिवासी त्या पुस्तकात एक तर नरभक्षक, नाही तर गोऱ्या पोरांच्या हातून सुधारायला बसलेले. म्हणजे साहस कोणाचं आणि नुसतं पार्श्वभूमीला कोण, हे आधीच ठरलेलं. नव्या फँटसीने निदान तो दरवाजा तरी उघडला. अर्सुला ल ग्विनने १९६८मध्येच 'अर्थसी'चा नायक तांबूस-तपकिरी कातडीचा केला होता, आणि तरी मुखपृष्ठांवर वर्षानुवर्षं त्याला गोरा रंगवत राहिले. बाईंनी त्याबद्दल उघड चीड व्यक्त केली होती.

---

होकायंत्र

नारळ मान्य, हसलो. पण तुम्ही माझंच काम केलंत. ती चूक पकडता येते, कारण नारळ जगात आहे. चमकणारं कडं चुकीचं लिहिलंय हे कोण, कशावरून पकडणार?

---

बारीक अक्षर

'कशावरून पकडणार' याला उत्तर आहे: त्याच पुस्तकात आधी लिहिलेल्या नियमांवरून.

चांगल्या फँटसीत जादू फुकट नसते. 'अर्थसी'चा आधार घ्यायचा तर तिथे एखाद्या वस्तूवर सत्ता हवी असेल तर तिचं खरं नाव माहीत असावं लागतं, आणि ती नावं एकेक करून पाठ करावी लागतात. नायक पोरवयात फुशारकीपायी आवाक्याबाहेरचा मंत्र घालतो आणि त्यातून सुटलेली सावली पुढे पुस्तकभर त्याच्या मागे लागते. या पोराला वाचवायला कुठलं कडं आलं? तुमच्या दोन कंदिलांइतकाच हा नियम कडक आहे. रेष चुकली की खडक.

आणि नव्यांतही हे आहे. कॅथरिन रंडेल यांची 'इम्पॉसिबल क्रीचर्स' २०२३ची. जगापासून लपलेला द्वीपसमूह, पुराणांतले प्राणी तिथे अजून जिवंत. त्यातल्या मुलीकडे उडण्याचा कोट आहे. पण वारा असेल तरच उडता येतं. वारा नाही तर तो कोट नुसताच कोट. एवढ्या एका अटीने जादूचं शीड झालं. मग लेखिकेला प्रत्येक प्रसंगात आज वारा किती, कुठून, याचा विचार करावाच लागतो.

गंमत अशी की याच बाईंनी २०१७ला 'द एक्सप्लोरर' लिहिलं. ॲमेझॉनच्या जंगलात छोटं विमान कोसळतं, चार मुलं उरतात. आग पेटवायची, किडे खायचे, तराफा बांधायचा. जादूचा एक थेंब नाही. तेव्हा साहस हरवलं वगैरे काही नाही, तेच हात दोन्ही करतायत. पाच पुस्तकांवरून निकाल देऊ नका.

---

उलटा कासव

वाऱ्याची अट भारी आहे. (सविस्तर अजून बाकी.)

---

दोन वेण्या

मी आई म्हणून लिहिते, समीक्षा मला येत नाही.

माझ्या मुलाला डिसलेक्सिया आहे. नऊ वर्षांचा होईपर्यंत पुस्तक म्हटलं की पोट दुखायचं त्याचं, खरोखर दुखायचं. मी हौसेने साहसकथाच आणल्या होत्या, माझ्या लहानपणच्या. पहिल्या वीस पानांत समुद्र, दोरखंड, शिडाच्या काठ्यांची नावं. अक्षरं आधीच नाचणारी, त्यात हे शब्द. त्याने पुस्तक पलंगाखाली ढकललं, सहा महिन्यांनी झाडताना सापडलं.

मग कोणीतरी पर्सी जॅक्सनचा पहिला भाग दिला. तो नायक डिसलेक्सिक आहे, एका जागी बसू शकत नाही. पुढे कळतं की त्याचा मेंदू प्राचीन ग्रीकसाठी घडलेला आहे म्हणून इंग्रजी अक्षरं नाचतात, आणि ती चुळबुळ म्हणजे लढाईतली चपळाई. लेखक रिक रायर्डन यांच्या मुलाला हाच त्रास होता. रात्री ग्रीक पुराणातल्या गोष्टी सांगता सांगता त्या संपल्या, पोरगा अजून सांग म्हणाला, तेव्हा त्यांनी हा नायक रचला. पुस्तक २००५चं. माझ्या मुलाने ते किती दिवसांत वाचलं ते सांगत नाही, कारण बोटाने ओळ धरून वाचायला वेळ लागतोच. पण पलंगाखाली नाही गेलं.

तुमचा भाचा वाचणारा आहे हो होकायंत्र. त्याला कंदील परवडतात. काही मुलांना आधी कडंच लागतं.

आणि 'भाग पहिला'वर सगळे तुटून पडलेत, पण न वाचणाऱ्या मुलाच्या आईला विचारा. दुसरा भाग तयार असणं म्हणजे काय सुख असतं! नवं पुस्तक सुरू करणं हेच त्याला सर्वांत अवघड जातं. नवी नावं, नवी जागा. मालिकेत तो डोंगर एकदाच चढायचा.

---

होकायंत्र

दोन वेण्या, तुमच्याशी वाद घालत नाही. तो शेवटचा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

पण मालिकांबद्दल एक फरक करू द्या. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५मध्ये तीन खंडांत आलं. टोल्किनच्या डोक्यात ती एकच कादंबरी होती. कागद महाग, म्हणून प्रकाशकाने तुकडे केले. म्हणजे गोष्ट पुरी झालेली, फक्त कापलेली. हॅरी पॉटरचा १९९७चा पहिला भागही स्वतःपुरता पुरा होतो, तिथे थांबलात तरी चालतं. मला राग आहे तो अर्ध्यात सोडलेल्या पहिल्या भागाचा. मी वाचलेल्या पाचांतल्या तिघांत शेवटच्या पानावर एक दार उघडतं, आत कोणीतरी उभं असतं, समाप्त. याला उत्कंठा म्हणत नाहीत. ही अडवणूक झाली.

---

तिरकस

भाच्याला विचारलंत का त्याला राग आलाय का? की मामालाच आलाय?

---

होकायंत्र

मामालाच. त्याने दुसरा भाग मागितलाय.

---

तिरकस

धागा बंद करा मग.

---

शब्दकोडं

थांबा, नकाशांबद्दल कोणीच बोललं नाही. माझा जुना राग आहे.

होकायंत्र लिहितात की पाचही पुस्तकांत नकाशा होता. त्यातल्या किती नकाशांची गरज होती? 'ट्रेझर आयलंड'ची गोष्ट सगळ्यांना माहीत असेल, तरी सांगते. १८८१चा उन्हाळा, स्कॉटलंडमधलं ब्रेमार, बाहेर पाऊस. स्टीव्हन्सन सावत्र मुलाच्या चित्रकलेत सामील होऊन एका बेटाचा नकाशा रंगवत बसला. आखातं, टेकड्या, त्यांना नावं. नकाशाकडे बघता बघता झाडीतून माणसं डोकावू लागली आणि तो प्रकरणांची यादी करायला बसला. म्हणजे नकाशा आधी, कादंबरी नंतर.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. पुस्तक निघायच्या वेळी प्रकाशकाकडे पाठवलेला तो नकाशा गहाळ झाला. नवा काढायचा तर आता उलटं करावं लागलं: अख्खं पुस्तक पुन्हा वाचून, कुठून काय दिसतं, कोण किती चाललं याचे उल्लेख गोळा करून, त्यांना जुळेल असं बेट आखायचं. त्याने ते केलं, पण हा नकाशा आपल्याला कधीच 'खरा' वाटला नाही असं त्याने पुढे लिहून ठेवलंय.

आता ही कसोटी नव्या पुस्तकांना लावा. नकाशा हरवला तर मजकुरावरून पुन्हा काढता येईल का? मी एका गाजलेल्या नव्या मालिकेवर करून बघितलं, कागद-पेन्सिल घेऊन. सातव्या प्रकरणात डोंगर राजधानीच्या उत्तरेला, अठराव्यात सूर्य त्याच डोंगरामागे मावळतो. पुढचं पेन्सिलीने काढायचं सोडून दिलं. टोल्किन चंद्राच्या कला जुळाव्यात म्हणून प्रसंगांच्या तारखा सरकवत बसायचा. तेव्हा इथे भांडण फँटसी विरुद्ध साहस असं नाहीच. आपल्याच जगाचा हिशोब ठेवणारे लेखक आणि न ठेवणारे लेखक, एवढंच आहे. बारीक अक्षर यांचा 'नियम' तो हाच.

---

तळटीप

शब्दकोडं यांच्याशी बरंचसं सहमत, पण हिशोबालाच सगळे गुण देऊ नका. ॲलिस सशाच्या बिळात पडते (१८६५) तिथे कुठला हिशोब? बेहिशोबीपणा हाच तिथला हिशोब. मुलांना तेही लागतं.

---

शब्दकोडं

ॲलिसमध्ये कोणी घोडेस्वार मागे लावून उत्कंठा ताणत नाही. ताण द्यायचा असेल तर हिशोब द्या, नाही तर खुशाल उलटंसुलटं खेळा. दोन्हीकडचं लोणी नको.

---

उलटा कासव

सविस्तर लिहिणार होतो, आता सगळं लिहून झालंय. फक्त अवांतर: ही पुस्तकं मराठीत आणताना 'वाँड'ला काय म्हणायचं? 'छडी' म्हटलं की मला मास्तर आठवतात आणि 'कांडी' म्हटलं की खडू. फाइट सीनमध्ये दोघं कांड्या रोखून उभे, असं वाचताना ताण येण्याऐवजी हसू येतं.

---

बारीक अक्षर

कांडीच बरी. एखादं पुस्तक चांगलं निघालं की दुसऱ्या प्रकरणानंतर हसू येत नाही.

---

होकायंत्र

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय.

उडणाऱ्या कोटाचं पुस्तक आणलं. मुद्दाम गप्प बसलो, वाऱ्याच्या अटीबद्दल आधी काही बोललो नाही. भाचा नेहमीसारखा पलंगावर उलटा पडून वाचत होता. वाऱ्याची गोष्ट आली तसा उठून बसला आणि मला विचारतो, "मामा, समुद्रावर मधोमध असताना वारा पडला तर?"

मी म्हटलं, वाच की.

"नाही, थांब. आधी मी सांगतो मी काय केलं असतं."

आणि मग वीस मिनिटं त्याने पुस्तक उघडलंच नाही. तेव्हा बारीक अक्षर, तुमचा मुद्दा मान्य. 'जादूने साहसाची जागा घेतली' हे वाक्य मागे घेतो. कड्याबद्दलचं घेत नाही.

---

तिरकस

आणि दुसरा भाग?

---

होकायंत्र

कड्याचा? आणला. दारात तिची आत्या उभी होती.