गणपतीत हक्कसोडपत्रावर सही मागतात. बहिणीने आधी काय पाहावं?

सुरंगी
देवगड घ्या, राजापूर घ्या, गुहागर घ्या. चतुर्थीला सगळी भावंडं घरी जमली की हक्कसोडाचा विषय निघतोच. वडील वारलेले, मागे आई, दोन मुलगे, दोन मुली. बाग भाऊ बघतो, म्हणजे बहिणींनी सही द्यायची हे गृहीतच. "चेडवांक जमीन कित्याक?" (मुलींना जमीन कशाला?) हे तर घरातल्या बायकाच विचारतात. मोठीचं लग्न 1990 च्या आधी झालं असेल तर "तुझा हक्कच नाही" म्हणून सांगतात. अशा बहिणीचा वाटा किती, सहीआधी काय तपासायचं, आणि सही न देताही भावाचं काम अडू नये असं काही करता येतं का?

दस्तलेखक
लग्नाच्या सालाचं आधी. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीत ती अट उरली नाही. त्या दिवशी वडील हयात असणं गरजेचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेली विक्री, वाटप किंवा मृत्युपत्र मात्र मोडत नाही.

आता वाटा. मृत्युपत्र नसेल आणि आजी हयात नसेल (असेल तर तीही वारस), तर तुमच्या उदाहरणात हिशेब सरळ आहे. वडिलांनी स्वतः घेतलेली जमीन आई आणि चार मुलं अशी पाच जणांत जाते. वडिलोपार्जित असेल तर आधी वडिलांसकट सहा वाटे धरायचे, मग वडिलांचा सहावा वाटा उरलेल्या पाच जणांत. उत्तर तेच, प्रत्येकी एक पंचमांश. 40 गुंठ्यांच्या आंब्याच्या कलमबागेत 8 गुंठे. लग्नात घातलेले दागिने आणि झालेला खर्च यातून वजा होत नाही. भाऊ घरी राहिला, त्याने आईवडिलांचं केलं, हे खरंच मोठं आहे. पण त्यासाठी बहिणीने आपल्या मर्जीने काही सोडलं तर ते सोडणं. गृहीत धरून मागितलं तर ती मागणी. हा फरक घरात बोलला गेला पाहिजे.

सातबारा_वाचा
सहीआधी मसुदा मागून घ्या, तोही निदान पंधरा दिवस अगोदर. चार दिवसांच्या सुट्टीत, पाहुण्यांच्या गर्दीत कोणी नीट वाचत नाही.

मसुद्यात सगळ्यात घातक ओळ म्हणजे मिळकतीच्या यादीखालचं "व इतर सर्व मिळकती". बाग सोडायची तयारी असते आणि त्या एका ओळीत घर, परसू, डोंगरातली वरकस (हलकी, उताराची) जमीनही जाते. ती ओळ काढायला लावा. गट नंबर आणि क्षेत्र प्रत्येक सातबाऱ्याशी ताडून पाहा. घरासाठी सातबारा पुरत नाही, ग्रामपंचायतीचा असेसमेंट (घरपट्टीचा) उतारा वेगळा काढा. हक्क कोणाच्या लाभात सोडताय तेही लिहिलेलं हवं, नाहीतर तो सगळ्या सहहिस्सेदारांकडे जातो.

बिनमोबदला हक्कसोडाला मुद्रांक नाममात्र लागतो. म्हणून आतून पैसे देऊन कागदावर "मोबदला नाही" लिहिण्याची पद्धत आहे. पैसे घेत असाल तर रक्कम कागदावर आणा, मुद्रांक जास्त बसला तरी. उद्या पैसे बुडले तर दुसरा पुरावा नाही.

स्टॅम्पवर लिहून नोटरी केलेल्या कागदाने हक्क जात नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागते. तिथे फोटो, अंगठा आणि तोंडी कबुली होते. कबुलीआधीपर्यंत थांबता येतं. एकदा नोंदला की एकटीला रद्द करता येत नाही. फसवणूक झाली असेल तर दिवाणी दावा, तोही कळल्यापासून 3 वर्षांत.

आणि महामार्गाच्या चौपदरीकरणासारखं भूसंपादन जवळ असेल तर सहीची घाई का आहे ते विचारा. मोबदल्याच्या नोटिसा उताऱ्यावरच्या नावांना येतात.

सुरंगी
आणि वारसनोंदीतच बहिणींची नावं गाळली असतील तर?

सातबारा_वाचा
वारसाच्या अर्जासोबत सगळ्या वारसांचं स्वयंघोषणापत्र असतं, गाळणूक तिथेच होते. फेरफार (उताऱ्यावरच्या नावबदलाची नोंद) धरला की नोटीस निघते आणि हरकतीला 15 दिवस मिळतात. 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गाव निवडून ती घरबसल्या दिसते. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. मग तो तक्रारी फेरफार होतो आणि सुनावणीशिवाय मंजूर होत नाही. मंजूर झालाच असेल तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील, 60 दिवसांत. उशिराचं कारण पटलं तर नंतरही घेतात. फेरफार महसुलासाठी असतो, नाव गळलं म्हणून मालकी संपत नाही. आईचं नाव आहे ना, तेही बघा. मुलांची नावं लावताना तिचंच राहून जातं.

कलमबाग
भावाची अडचण खोटी नसते. सामाईक उताऱ्यावर फळपीक विमा किंवा अनुदान घ्यायचं तर सहहिस्सेदारांचं संमतीपत्र मागतात, आणि बहीण विरारला असली की अर्जाची मुदत टळते. त्यावर उपाय हक्क सोडून देणं नाही. मर्यादित मुखत्यारपत्र करा: "फळपीक विमा, अनुदान, फवारणी-राखणीचे करार यापुरतं, विक्री, गहाण, हक्कसोड यांचा अधिकार नाही." पीककर्ज त्यात घालू नका, बोजा तुमच्या हिश्शावरही चढतो. कर्ज भावाने आपल्या हिश्शावर घ्यावं.

उत्पन्नाचंही लिहून ठेवा. खत, कल्टार (मोहोर येण्यासाठीचं औषध), फवारण्या, राखणदार, काढणी, पेट्या, गाडीभाडं हा खर्च आधी वजा, भावाच्या मेहनतीचा ठरलेला हिस्सा वजा, मग उरेल त्याचे वाटे. थ्रिप्स (फुलकिडे) आणि अवकाळीच्या वर्षी काही उरत नाही, तेही दोघांनी आधीच मान्य केलेलं बरं. ज्या बहिणीला पैसे नकोत तिने पैसे घेऊ नयेत; नाव मात्र ठेवावं. बाग भावाने करणं आणि उताऱ्यावर बहिणीचं नाव असणं, दोन्ही एकत्र नांदतं.

दस्तलेखक
वर सांगितलेला हिशेब हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख घरांचा. मालवण-वेंगुर्ल्याच्या ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, तिथेही मुलगा-मुलगी समान. कोकणी मुस्लिम घरांत मुलीला मुलाच्या निम्मा वाटा, पण तो ठरलेला असतो आणि तिच्या मर्जीशिवाय तोही कोणाला घेता येत नाही.