घरच्यांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून मोकळे होणाऱ्यांनो, नंतर फोन कोण उचलणार?

चाळकरी_गिरगाव
कालची पोस्ट वाचून डोकंच फिरलं. म्हणे "विंडोज १० चा सपोर्ट संपला, नवीन लॅपटॉप कशाला घेताय, घरच्या म्हाताऱ्यांना विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटातली सिस्टिम टाकून द्या, अर्ध्या तासाचं काम." टाकायला अर्धा तास, मान्य. पुढे? आमच्या भाच्याने बाबांच्या मशीनवर असंच घालून दिलं आणि गेला बंगळुरूला. बाबा सोसायटीचे खजिनदार, सगळे हिशेब टॅलीत, टॅली विंडोजचं, आता भाचेबुवा व्हिडिओ कॉलवरून त्यांना लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं वाईन नावाचं काहीतरी शिकवतायत. बाहत्तरीच्या माणसाला! ज्याला यातलं कळत नाही त्याने सिस्टिम बघूच नये, अडलं की घरी कोण येणार ते बघावं आणि त्याला जे येतं ते घ्यावं. आमच्याकडे खालच्या दुकानातला पोरगा येतो, त्याला विंडोज येतं, विषय संपला.

टर्मिनलवाला_ठाणे
पोस्ट माझी होती. दुकानातला पोरगा काय करतो ते मला नका सांगू, ५०० रुपये घेऊन क्रॅक विंडोज टाकतो आणि वर अँटिव्हायरस बंद करून जातो. १४ ऑक्टोबर २०२५ ला १० चा सपोर्ट गेला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप हवी, प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठवी पिढी किंवा पुढची, म्हणजे २०१६ चं धडधाकट मशीन भंगारात. त्याच मशीनवर मिंट २२ मस्त चालतं, २०२९ पर्यंत अपडेट. आणि टॅली लागतं का हे भाच्याने आधी विचारायचं होतं, त्यात लिनक्सचा काय दोष?

परळकर_ताई
लगेच भंगारात कशाला? मायक्रोसॉफ्टने जादा वर्ष जाहीर केलं होतं ना, ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट, अकाउंटला सेटिंग जोडली की फुकट. पण मराठीचं कोणी बोलतच नाही! दादरला लग्नपत्रिका करण्यात माझी हयात गेली. मुलाने लिनक्स टाकलं आणि सगळ्या जुन्या फाइलींचा नुसता कचरा दिसायला लागला.

टर्मिनलवाला_ठाणे
ताई, फॉन्ट नसेल तर विंडोजवरही तोच कचरा दिसेल. ते युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक, नाहीये; इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेत.

परळकर_ताई
मला युनिकोड शिकवताय? आमचा प्रेसवाला अजून पेजमेकर हे पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर वापरतो, त्याला युनिकोड कळतच नाही. तुम्ही द्या त्याला युनिकोड आणि मग नवरीच्या नावातलं जोडाक्षर फुटलं की या मंडपात उत्तर द्यायला.

इनस्क्रिप्टप्रेमी
पेजमेकर?? या जमान्यात?? म्हणूनच मराठी मागे आहे. इनस्क्रिप्ट शिका, विंडोज लिनक्स दोन्हीकडे तोच कीबोर्ड, एकदा बोटं बसली की सिस्टिम कुठलीही असो.

परळकर_ताई
माझी बोटं रेमिंग्टनच्या टाइपरायटर-कीबोर्डवर बसलीत, तुमच्या जन्माआधीपासून. मराठी मागे आहे ते तुमच्यासारखे शिकवायला येतात म्हणून.

कुर्ला_पश्चिम
फोनेटिक वापरा की, इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की मराठी उमटतं, २०१९ पासून विंडोजमध्येच आहे, मराठी सुद्धा. एवढी भांडणं कशाला.

इनस्क्रिप्टप्रेमी
फोनेटिक म्हणजे इंग्रजीच्या कुबड्या.

कुर्ला_पश्चिम
बरं साहेब. कुबड्या घेऊन का होईना, वीजमंडळाला तक्रार मराठीत जाते आमची.

वरळी_सीफेस
मॅक घ्या आणि गप्प बसा सगळे.

चाळकरी_गिरगाव
पैसे तुम्ही भरा, आत्ता घेतो. लोकांना लॅमिंग्टन रोडवरचा सेकंडहँड घेताना दहा वेळा विचार करावा लागतो. आणि मी धागा कशावर काढला होता, चाललंय काय!

टर्मिनलवाला_ठाणे
बरं, घ्या लिहून: टॅली असेल तर विंडोजच ठेवा. झालं समाधान? पण ज्यांचं सगळं ब्राउझरमध्ये असतं, वीजबिल, कीर्तनं, नातवाचे फोटो, त्यांना मिंट पुरतं. माझी आई रोज वापरते, तिला कळलंही नाही काय बदललं ते.

चाळकरी_गिरगाव
कारण तुम्ही त्याच घरात राहता! मी दुसरं काय सांगतोय मघापासून?

टर्मिनलवाला_ठाणे
...हा मुद्दा आहे. अर्धा. ताई, जुन्या फाइलींसाठी कन्व्हर्टर मिळतात, फॉन्टचं नाव सांगा.

परळकर_ताई
कुठल्या? एका पत्रिकेत चार आहेत.

टर्मिनलवाला_ठाणे
देवा.