अनुभव धागा: गल्लीतला फुजी आणि तोक्योतली छोटी शिंतो देवळं

मेइजी जिंगू, म्हणजे तोक्योतलं ते मोठं शिंतो (जपानच्या मूळ धर्माचं) देऊळ, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. इथे वस्तीतल्या जुन्या, छोट्या देवळांबद्दल लिहा. सुरुवात मीच करते.

सेंदागाया भागातलं हातोनोमोरी हाचिमान देऊळ. आजूबाजूला घरं, अपार्टमेंटं, आणि आवारात चक्क फुजी! फुजीझुका म्हणतात त्याला, म्हणजे फुजी पर्वताची छोटी प्रतिकृती. 1789 सालचा, तोक्योत शिल्लक असलेल्यांत सर्वांत जुना. एदो काळात (1603 ते 1868) खरा फुजी चढणं सामान्य माणसाला परवडायचं नाही, बायकांना तर शिखरावर जायला मनाईच होती. (ती 1872 मध्ये उठली.) म्हणून त्या काळात भक्तमंडळांनी शहरातच फुजी रचले. आषाढीला पंढरपूर जमलं नाही की मुंबईकर वडाळ्याच्या विठोबाला जातात ना, तसंच. या फुजीचं अंग मातीचं, माथ्याजवळ मात्र खऱ्या फुजीवरून आणलेले लाव्हाचे दगड. उंची सहाएक मीटर. माझ्या मुलीने वर पोचून "झाला?" असं विचारलं.

गुडघेदुखी
सासूबाईंना नेलं होतं. पायऱ्या ओबडधोबड आहेत, एका जागी हात टेकावाच लागतो. पण त्या चढल्या, आणि पुण्याला फोन करून "फुजी केला" म्हणून सांगितलं. आम्ही कोणी दुरुस्ती केली नाही.

वजीर_गेला
त्याच आवारातलं शोगीचं (जपानी बुद्धिबळाचं) छोटं देऊळ कसं विसरलात? आत माणसाच्या कमरेहून उंच लाकडी सोंगटी आहे. जपानच्या शोगी संघटनेचं मुख्यालय याच भागात, त्यामुळे खेळाडूही इथे येतात. शोगीचं मूळ आपल्या चतुरंगात, हे बाबांना सांगितल्यावर ते तिथून हलेनात.

निशीकासाईकर
शिताया भागातल्या ओनोतेरुसाकी देवळातही फुजीझुका आहे, 1828 चा. तो एरवी कुलूपबंद. 30 जून आणि 1 जुलैच्या सुमारास, फुजी चढायचा हंगाम सुरू होताना उघडतात. पावसाळी दिवस, रांग, छत्र्या. मला तर हातोनोमोरीपेक्षा हाच आवडला, कारण आसपासची म्हातारी मंडळी नटूनथटून येतात.

नवीन_पाखरू
पुढच्या महिन्यात येतोय. चपला काढायच्या का? नमस्कार कसा करतात?

गुडघेदुखी
चपला राहू द्या. आधी हात-तोंड धुवा, नाणं टाका, दोनदा वाका, दोन टाळ्या, मग परत एकदा वाका. आणि फुजीझुकासाठी पकड असलेले बूट घाला, पावसात दगड फार निसरडे होतात.